चित्राखालच्या दोन ओळी

कुमुद दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत चित्रकला शिकवायची. सत्त्याण्णव साली तिच्या नवऱ्याची, विनयची कंपनी गुडगावला गेली, राहायला तिथेच आठव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. बस बदलत रोज जाणं-येणं झेपेना, म्हणून तिनं शाळा सोडली.

नव्या ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये कंपनीनं एक मोठं अमूर्त चित्र लावलं. विनय म्हणाला, "उद्घाटनाआधी खाली पाटी हवीय. अर्थ दोन ओळींत लिहून दे. साहेबांना भरारी, प्रगती असलं काहीतरी पाहिजे."

रविवारी ती विनयबरोबर रिकाम्या ऑफिसात चित्रासमोर जाऊन बसली. राखाडी रंगात एक जिना चढत चढत छताला भिडून संपत होता. मधोमध म्हशीचा डोळा. भोवती खिडक्याच खिडक्या, एकीलाही कडी नव्हती. वर पक्षी होता, पण त्याचे पंख भिंतीच्याच रंगात बुडाले होते. तळाशी राखाडीखालून मोहरीचा पिवळा डोकावत होता, शेतावर कुणी पुट्टी फासावी तसा.

"यातून बाहेर पडायला वाटच नाहीये, विनय."

"असेल. पण लिहिशील ना?"

तिनं लिहिलं. उंच झेप घेणारं नवं शहर, वगैरे.

उद्घाटनाला चित्रकार बाई आल्या होत्या. सत्तरीच्या, साधी सुती साडी. त्यांनी पाटी वाचली. "ये किसने लिखा?"

"मेरी वाइफ ने," विनय म्हणाला.

बाई कुमुदकडे वळल्या. "आपको यही दिखा?"

साहेब शेजारीच हसत उभे होते.

"जी," कुमुद म्हणाली.

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि त्या चहाकडे गेल्या.

परतताना गाडीत ती म्हणाली, "मी खोटं बोलले."

"माहितीय." विनयनं गाडी कडेला घेतली. "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं ते. रोज तिथूनच आत जातो मी."

"मग मला का लिहायला लावलंस?"

"माझ्याच्यानं झालं नसतं."

त्यानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मग ती म्हणाली, "शाळेत परत विचारू?"

"विचार ना."

सोमवारी तिनं शाळेत फोन केला. तिची जागा जूनमध्येच भरली होती. तिनं विनयला ऑफिसात फोन लावून सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब आलेत. ठेवतो."