जाड की पातळ

योगीराजला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्याच्या तोंडातले सगळे शब्द गेले आणि एकच मागं उरला. व्हय. भूक लागली का, तर व्हय. पोट भरलं का, तरी व्हय. त्याला सगळं समजतंय, नुसतं बोलता येत नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नजर शाबूत होती, डाव्या हातात जोर होता, पण हात असो की मान, काही दाखवायला गेलं की भलतीकडंच वळे. पण बोलायला जावं तर जिभेवर तोच एक शब्द येई आणि मग त्याचे डोळे भरत.

त्यांचं गाव ढोकीपासून आत, उसाच्या पट्ट्यात. सकाळची एसटी बंद झाली तेव्हापासून वस्तीवरच्या सहा पोरींना कळंबच्या कॉलेजला न्यायचं-आणायचं काम योगीराजच्या डिझेल गाडीकडं होतं. तो अंथरुणाला खिळला तसे पोरींचे बाप म्हणाले, झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं. शिवांजलीला हे सोसलं नाही. लग्नाच्या नव्या नवलाईत योगीराजनं तिला मोकळ्या रानात हौसेनं गाडी शिकवली होती. तिनं किल्ली घेतली, परवाना काढला, आणि नवऱ्याजवळ सासूला बसवून ती स्वतःच पोरींना नेऊ लागली. बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर बापांचीही काही हरकत राहिली नाही.

सगळं नीट चाललं होतं. मग दिवाळीच्या सुमाराला गाडी सकाळी सुरू करताना टकटक वाजायला लागली. तिनं ऑइलची पट्टी ओढून बघितली, तर ऑइल पार तळाला गेलेलं. तशीच हळूहळू ती ढोकीला सिदूच्या गॅरेजवर गेली.

सिदूनं बॉनेट उघडून कान लावला. "वहिनी, इंजन घासलंय. ऑइल पितंय. आता बदलायचं तर हाय, पर कुठलं टाकायचं?"

"म्हंजी? ऑइल ते ऑइलच की."

"तसं न्हाय." त्यानं फळीवरून दोन डबे काढून तिच्यापुढं मांडले. एकावर पाच डब्ल्यू तीस लिहिलेलं, दुसऱ्यावर वीस डब्ल्यू पन्नास. "डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीतला, पलीकडचा गाडी तापल्यावरचा. आकडा मोठा तितकं ऑइल जाड. आता तुमची गाडी टर्बोची, म्हंजी इंजनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची. तिला पातळ लागतं. जाड ऑइल थंडीत टर्बोपतूर लवकर पोचत न्हाय. पर घासल्याल्या इंजनात पातळ टाकलं तर ती महिन्याभरात पिऊन टाकंल. जाड टाकलं तर आवाज मरंल, पिणं कमी हुईल."

"मग तूच सांग की कुठलं टाकू."

सिदूनं मान खाजवली. "म्या कसं सांगू? दादा ऑइल कधी हितं बदलतच नव्हता. सोताच आणायचा, सोताच टाकायचा. तिला काय चालतं ते त्यालाच ठाव. त्यालाच इचारा."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि ओशाळून तो डबे पुसायला लागला.

तरी तिनं विचारलंच. इतकी वर्षं गाडीतलं काहीही त्याला विचारल्याशिवाय तिनं केलं नव्हतं. दोन्ही डबे तिनं घरी आणले, बाजेसमोर ठेवले आणि खाली बसली. "अवो, हे जाड, हे पातळ. सिदू म्हणतो गाडी घासलीय. जाड टाकू?"

"व्हय."

"मग पातळ नको?"

"व्हय."

"नीट बघा की. हातानं दावा."

योगीराजनं डावा हात उचलला. तो एका डब्याकडं वळला, मग दुसऱ्याकडं, आणि कुठंच न टेकता मांडीवर पडला. त्याला ठरवता येत नव्हतं की हातच साथ देत नव्हता, ते तिला कळेना. "व्हय, व्हय," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड केलं.

संध्याकाळी ती त्याला पाणी पाजत होती. नुसतं पाणी त्याला चालत नसे, ठसका लागून ते श्वासनळीत जाई. डॉक्टरांनी सांगितलेली पूड घालून पाणी दाट करायचं आणि चमच्यानं भरवायचं. ते दाट पाणी कसं सावकाश घशाखाली उतरतं, कुठं वाट चुकत नाही, ते ती रोज बघत होती. खिळखिळं झालेलं माणूस दाटावर तगतं, मग गाडी का तगणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं सिदूला जाड ऑइल टाकायला सांगितलं.

आवाज खरोखरच मेला. पोरी म्हणाल्या, "काकू, गाडी नवी झाली की!" त्यातली अर्पिता बारावीला होती, सायन्सला, आणि सगळ्यांत पुढं शिवांजलीच्या शेजारी बसायची. रस्ताभर ती फिजिक्सची उत्तरं पुटपुटत असे. शिवांजलीला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण ऐकायला बरं वाटे.

घरी मात्र वेगळंच सुरू झालं. सकाळी तिनं अंगणात गाडी सुरू केली की योगीराज बाजेच्या लाकडावर हात आपटायचा. "व्हय! व्हय!"

"खूश हाय त्यो," सासू म्हणायची. सारजाबाईंना लेकाच्या प्रत्येक आवाजात सुधारणा दिसे.

एका सकाळी तो इतका आपटायला लागला की शिवांजली गाडी चालू ठेवून आत आली. "काय हुतंय? गाडीचं काय हाय का?"

"व्हय."

"ऑइल चुकलं का माझं?"

"व्हय."

"का बरोबर हाय?"

"व्हय," तो म्हणाला, आणि रडायला लागला. तिनं त्याचे डोळे पुसले. बाहेर पोरी वाट बघत होत्या. ती गेली.

डिसेंबरात थंडी पडली. कारखान्याचा हंगाम भरात आलेला, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. अशाच एका ट्रॅक्टरला ओलांडताना गाडीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला आणि इंजिन आपोआप किंचाळायला लागलं. तिनं पाय ॲक्सिलेटरवरून काढला होता, तरी ते वाढतच चाललं. मागं निळापांढरा धूर. तिनं गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली, उपसून काढली. किल्ली हातात आणि इंजिन चालूच, आधीपेक्षा जोरात.

"उतरा! पळा समद्या!"

पोरी उसाकडं पळाल्या. ट्रॅक्टरवाला ओरडला, "बाई, लांब व्हा, ते डिझेल सोडून सोताचंच ऑइल जाळतंय!" गाडी अंगात आल्यासारखी हलत होती. रस्ता धुरानं भरला. मग आतून लोखंड फुटल्याचा आवाज झाला आणि सगळं थांबलं. अर्पिता शिवांजलीच्या दंडाला धरून उभी होती.

सिदूनं दोन दिवसांनी इंजिन खोललं. टर्बो गेला होता, पिस्टन जाम. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"जाड ऑइलानं झालं का रे?"

"आसंल," सिदू म्हणाला. "थंडीत टर्बोला उशिरा पोचलं आसंल. पर पातळ टाकलं आसतं तर त्ये आधीच पिऊन कोरडं पडलं आसतं. काय सांगता येत न्हाय, वहिनी."

त्यानं तिला दोष दिला असता तर बरं झालं असतं. निदान एक काहीतरी पक्कं धरायला मिळालं असतं. रात्रंदिवस तिच्या कानात बाजेवर आपटणारा हात वाजत राहिला. तो थांब म्हणत होता, की नुसता गाडीच्या आवाजानं आनंदत होता, हे तिला या जन्मात कुणी सांगणार नव्हतं. आणि ज्याला माहीत होतं त्याला ती आता काही विचारीना. प्रश्न ऐकला की त्याचे डोळे भरत, तेवढंच हाती लागे.

गाडी भंगारवाल्यानं ओढून नेली. त्या दिवशी तिनं योगीराजची बाज आतल्या खोलीत नेली, पण साखळदंडाचा आवाज त्याला ऐकू गेलाच. या खेपेला त्यानं हातही आपटला नाही.

पोरींची कॉलेजं एकेक करून सुटली. दोघी मामाच्या गावी गेल्या. तिघी घरी बसल्या, ऊसतोडीला जाऊ लागल्या. अर्पिता काही दिवस चालत मोठ्या रस्त्यावर जाऊन मिळेल त्या गाडीला हात करत होती. कुणीतरी तिच्या बापाचे कान भरले आणि तेही बंद झालं.

संक्रांतीनंतर ती आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"काकू, परीक्षेपतूर दुसरी गाडी हुईल का?"

"न्हाय गं."

"बरं." तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "माझी सुपारी फुटली. नवरा परंड्याकडचा हाय. बाबा म्हणत्यात परीक्षा तिकडनं दे."

"देऊ देतील का तिकडचे?"

अर्पितानं पायाशी ठेवलेली कळशी उचलली. आत सारजाबाईंनी लेकाला वळवायला सुनेला हाक मारली. शिवांजली म्हणाली, "बस, च्या करते." पण अर्पिताला पाणी भरायला जायचं होतं. ती गेली. शिवांजली आत आली, नवऱ्याच्या पाठीखाली हात घातला, आणि सासूच्या मदतीनं त्याला दुसऱ्या कुशीवर वळवलं.