जाड बुडाच्या पातेल्याची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनं, जाड बुडाचं पातेलं आहे. तस्मानियातल्या एका कारखान्यात मला ठोकून घडवलं, आणि नोएलीनबाईंनी जर्दाळूच्या जॅमसाठी घरी आणलं. तेव्हा माझा केवढा मान! शेजारणी मला उसनं मागायच्या आणि बाई द्यायच्या नाहीत.

पुढे बाईंचा नवरा क्लॅरी निवृत्त झाला आणि घरी बिअर करू लागला. तेव्हापासून शेगडी पेटली की माझ्या कड्या थरथरतात. हा गृहस्थ अतिशय उतावळा. पाणी खळखळू लागलं की आच तशीच ठेवून माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, सगळा घट्ट पाक एकदम ओतायचा, आणि क्रिकेट बघायला पळायचा. पाक तळाशी जाऊन बसायचा नि जळायचा. उरलेला तासभर उकळून काळपट व्हायचा.

गेल्या वर्षी गावच्या जत्रेत फिकट बिअरच्या स्पर्धेत परीक्षकाने विचारलं, "क्लॅरी, ही कॉफी चुकून इथे आली का रे?"

घरी येऊन क्लॅरी म्हणाला, "काळी बिअर मर्दांची असते!"

"मग मर्दांनीच घासावं," बाईंनी मला त्याच्यापुढे आदळलं. "हे पातेलं आहे की डांबराची टाकी? पुन्हा बूड जळलं, तर कोंबड्यांच्या पाण्याला ठेवीन."

मित्रांनो, त्या दिवसापासून मला चैन नव्हतं. खिडकीतून कोंबड्या दिसत. त्यांना भांड्यात उभं राहायची सवय आहे.

यंदा जत्रा जवळ आली. पाणी उकळलं. क्लॅरीने पाकाचा डबा उचलला. आच चालूच!

"जॅममध्ये साखर घालताना मी काय करते?" बाई दारातून म्हणाल्या.

"बडबड."

"आच बंद करते, शहाण्या."

क्लॅरी पुटपुटला, पण त्याने गॅस बंद केला. थोडाच पाक घातला, तळापर्यंत ढवळला, मग पुन्हा पेटवला. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं त्यात उकळत राहिली. उकळी संपत आली तेव्हा पुन्हा गॅस बंद करून उरलेला पाक घातला, विरघळेपर्यंत ढवळला आणि शेवटची उकळी दिली. मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

मला रिकामं केल्यावर बाईंनी तळावर नख फिरवलं. काही लागलं नाही.

"ठेव याला वर, जॅमच्या बरण्यांशेजारी," त्या म्हणाल्या.

जत्रेत यंदाची बिअर छान फिकट, सोनेरी निघाली. क्लॅरी शेजाऱ्यांना सांगत होता, "युक्ती माझीच!" बाई गालात हसल्या.

मित्रांनो, आमच्यात घट्ट, गोड काही ओतण्याआधी आच बंद करा. आम्हांला ओरडता येत नाही. जळाल्याचा वास हीच आमची हाक, आणि ती नेहमी उशिरा पोहोचते.