लिलेदालची ओल

कॅनडातल्या सस्काचेवानच्या त्या माळावर लिलेदाल ही वस्ती रेल्वेच्या आधीपासूनची. दुकान, लोहारशाळा, लाकडी चर्च आणि दहाबारा नॉर्वेजियन घरं. रेल्वेचा मोजणीदार आला तेव्हा स्टेशन तिथेच होणार, असं सगळे धरून चालले होते. हाल्वोर नेसेटचं शेत तिथून तीन कोस पश्चिमेला. मोजणीदाराने त्याला सहज विचारलं, "लिलेदालची जमीन कशी आहे?"

"वसंतात सगळी दलदल होते," हाल्वोर म्हणाला. "रूळ खचतील."

ते खोटं होतं. एका वर्षी जरा पाणी साचलं होतं, एवढंच.

स्टेशन हाल्वोरच्या शेतात झालं. गावाला नाव पडलं नेसेट. धान्याचं उंच कोठार उभं राहिलं, हॉटेल आलं, बँक आली. बर्फ पडल्यावर लिलेदालवाल्यांनी आपली घरं ओंडक्यांवर चढवली आणि घोडे जुंपून नेसेटला ओढत आणली. दुकान आलं, चर्चही आलं. हाल्वोरने सगळ्यांना प्लॉट स्वस्तात दिले. लोक त्याला देवमाणूस म्हणू लागले. ते ऐकलं की तो विषय बदलायचा.

मागे राहिली एकटी इंगेबोर्ग. नवऱ्याची कबर सोडून ती हलेना. हाल्वोर दर शनिवारी तिला कोळसा आणि पीठ पोचवायचा.

एकदा तिने त्याला बसवून घेतलं, कॉफी ओतली.

"काकू, चला आता गावात. तुमचं घर मी स्वतः ओढून नेतो."

"मेल्यावर ने. फुकटची ओझी वाहायची भारी हौस तुला," ती हसली. "तो मोजणीदार माझ्याकडेही आला होता, सांगितलं का तुला कधी? विचारत होता, हाल्वोर म्हणतो ते खरं का? जमिनीतलं मला काय कळतंय? मी म्हटलं, इथल्या पहिल्या हिवाळ्यात हाल्वोर तापाने फणफणला होता, तेव्हा माझ्या चुलीशी निजवलाय मी त्याला. तो खोटं बोलायचा नाही."

हाल्वोरने कप खाली ठेवला.

"जमीन चांगली होती, काकू. मी खोटं बोललो."

इंगेबोर्ग त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून खिडकीशी गेली. बाहेर चर्चच्या जागी नुसते पायाचे दगड होते.

"म्हणजे माझ्या शब्दावर गेलं सगळं," ती म्हणाली.

"तुमचा काय दोष? मी—"

"कोळसा आत ठेव आणि जा. पुढच्या वेळी गड्याला पाठव."

तेव्हापासून गडी जाऊ लागला. इंगेबोर्गने कोळसा नाकारला नाही, की गावात कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं हाल्वोरला वाटे. स्वतः सांगायचं मात्र त्याला जमलं नाही. गडी परतला की तो एकच विचारायचा, "काही म्हणाली का?"

"दार लावून घे म्हणाली," गडी सांगायचा.