बाक रिकामा आहे का

धाकट्या मुलीला जुळी झाली, त्याच वर्षी ह्यांना हार्ट अटॅक आला. एक पाय तिच्या बाळंतपणात, एक पाय इस्पितळात, असं माझं ते वर्ष गेलं. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून हृदयाची बंद वाट उघडली, आत जाळी बसवली आणि घरी सोडताना बजावलं. गोळ्या चुकवायच्या नाहीत, सिगारेट बंद, मीठ-तेल कमी, जड उचलायचं नाही आणि रोज झपाझप चालायचं. "चालला नाहीत तर पुन्हा इथंच याल," असं स्पष्ट म्हणाल्या.

हे सुतार. मीठ सोडलं, कुरकुरत का होईना. सिगारेट सोडली आणि पुढं कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. गोळ्या मी देत होते. तेव्हा मला वाचता येत नव्हतं, रंगावरून ओळखायची. पण चालणं काही ह्यांच्या गळी उतरेना.

"काम ना धाम, आणि रस्त्यानं हिंडू? लोक म्हणतील, मिस्त्रीचं डोकं फिरलं."

मग एकदा आपणहून निघाले, तर खांद्याला हत्यारांची पिशवी. कामाला निघालोय असं दिसावं म्हणून. निघाले हेच पुष्कळ, म्हणून मी अडवलं नाही. पण पिशवी घेतलेला सुतार दिसला की कुणाचं ना कुणाचं दार अडतंच. औषधाच्या दुकानाचं अख्खं दार उतरवून, रंधा मारून, परत चढवून दुपारी घरी आले. अंग घामानं निथळत होतं, तोंड राखेसारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ती पिशवी मुलीकडं ठेवून आले. मग हे खिडकीशी बसले ते बसलेच.

शेवटी म्हटलं, "माझे गुडघे धरलेत. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. एकटी कुठं पडले बिडले तर?"

"कुठले डॉक्टर?"

"मुलीला दाखवायला गेले होते, तिथले."

"बाळंतपणाचे डॉक्टर गुडघे कधीपासून बघायला लागले?"

"आता तिथं होतेच, म्हणून विचारलं."

माझ्याकडं जरा बघितलं आणि चपला पायात घातल्या. बायकोला सोबत करायची म्हणजे काम झालं. त्यात लाज नव्हती.

गुडघे खरोखरच दुखायचे, त्यामुळं माझी चाल गोगलगायीची. असल्या चालीनं ह्यांच्या हृदयाचं काय भलं होणार? म्हणून म्हणायची, "जरा पुढं जाऊन बघा, बाक रिकामा आहे का."

हे तरातरा जायचे, परत यायचे. "आहे."

"सावलीत आहे का?"

"मघाशी नाही सांगायचं?" पुन्हा जायचे.

समोरून कुणी भेटलं की गाऱ्हाणं सुरू. "हिच्यापायी माझा जीव जायचा."

मी ऐकून घ्यायची. घरचा स्वयंपाक, मुलीकडची धुणी उरकून संध्याकाळी अंग नुसतं टाकावंसं वाटायचं. तरी निघायची.

तपासणीला बाई खूश झाल्या. "छान चालताय की."

"मी कुठं चालतो? चालते ही. मी बाक बघून येतो."

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी छताच्या पंख्याकडं बघत राहिले.

अशी वर्षं गेली. पुढं माझे गुडघे पुरतेच गेले, तेव्हा दारात बसून ह्यांना मुलीकडं पिटाळायची. जुळी शाळेतून आली का, बघून या. हे जायचे, येऊन सांगायचे, एकाचा दात पडलाय, एक रुसलाय.

एक दिवस आले आणि उंबऱ्यातच बसले. "आज वाटेत थांबत थांबत आलो."

बाईंनी पुन्हा सगळं तपासलं. हृदय दमलंय, म्हणाल्या. गोळ्या वाढवल्या, पाणी मोजून प्यायला सांगितलं आणि चालणं घरातल्या घरात. जाळी नीट आहे, पथ्य पाळलंत म्हणून इतकी वर्षं मिळाली, असंही म्हणाल्या.

त्यानंतर संध्याकाळ झाली की हेच विचारायचे, "काही बघून यायचंय का?"

"नाही. बसा."

"बघ हं. नंतर म्हणशील."

"नाही म्हणत. बसा तुम्ही."

मग आम्ही दोघं बसायचो. सुजलेले पाय माझे कुठले, ह्यांचे कुठले, कळू नये अशी गत.

जुळी चौथीत होती त्या वर्षी, जानेवारीतल्या पहिल्या गुरुवारी सकाळी, हे इस्पितळात वारले.