टबातलं ट्रम्पेट

"अवं, चिंच नको लावू म्हणतो ना." डोमाजी ओरडला नाही. ओरडायला लागणारा दम तो दुपारच्या वरातीसाठी राखून होता.

"देवाचं तांब्या-ताट चिंचेनं निघते. हे का देवापेक्षा मोठं हाय?" वच्छलाबाई म्हणाली, पण चिंचेचा गोळा तिने बाजूला सारला.

नातवंडांना न्हाऊ घालायच्या प्लास्टिकच्या टबात, साबणाच्या कोमट पाण्यात ट्रम्पेट पडलं होतं. डोमाजीने सुतळीला मऊ चिंधी बांधली, नळीत सोडली आणि दुसऱ्या टोकाने हळूहळू ओढली. हिरवट घाण बाहेर आली. येणारच. दोन महिने डोमाजी छातीत पाणी होऊन दवाखान्यात पडला होता आणि ट्रम्पेट पेटीत. आज पुलगावात आजारपणानंतरची पहिली वरात. चाळीस वर्षं बँडच्या पुढे चाललेला माणूस. आज जमलं तर पुन्हा पुढे, नाही तर कायमचं घरी. बँडचा मालक भूपेंद्र असं बोलला नव्हता. पण न बोललेलंही ऐकू येतंच की.

आणि काय वाजवायचा डोमाजी! एकदा म्हणे आर्वीची छोटी रेल्वेगाडी पुलगावातून निघाली आणि याने वरातीत असा सूर लावला, की ड्रायव्हरला वाटलं समोरून दुसरी गाडी आली. गाडी थांबली. अख्खी गाडी खाली उतरून नाचली. परत बसताना घोटाळा झाला आणि नवरदेवाचा मामा आर्वीला पोचला. तिथे एका लग्नात जेवून, आहेर घेऊन तिसऱ्या दिवशी परतला. ही गोष्ट गावभर सांगत फिरणारा माणूस डोमाजीच, ते सोडा.

"तवा मी माहेरी होती," वच्छलाबाई अशा वेळी म्हणायची. "मोठं काई झालं का मी माहेरीच राह्यतो."

आज तिला गंमत सुचत नव्हती. डोमाजी नळी ओढतानाही मधेमधे थांबत होता.

त्याने बोटांनी दाबायचे तिन्ही पिस्टन काढून तिच्याकडे दिले. "पुसून लायनीत ठेवजो. एक, दोन, तीन."

त्यांच्यावर आकडे कोरलेले असतात, पण मुंगीच्या पायाएवढे. डोमाजी ते बघतच नसे. फडक्यावर ओळीने ठेवलेले, डावीकडून एकेक उचलायचे, तेलाचा थेंब लावायचा, बसवायचे. समोर बसलेल्या वच्छलाबाईने एकेक पिस्टन बाळासारखा पुसला आणि ओळीने मांडला.

ट्रम्पेट जोडून झालं. डोमाजीने ओठ ओले केले, फुंकलं.

काहीच नाही.

गाल फुगवून पुन्हा फुंकलं. हवा जणू भिंतीला लागून परत आली. तिसऱ्यांदा खोकल्याची उबळ आली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने ट्रम्पेट मांडीवर ठेवलं.

"संपलं वं."

"काय संपलं?"

"दम. सूर सोड, हवाच नाई जाऊन राह्यली."

वच्छलाबाई त्याची पाठ चोळत राहिली.

तेवढ्यात भूपेंद्रची मोटरसायकल दारात लागली. लाल कोट, सोनेरी झालर. "मास्तर, अजून बनियनवरच? घोडं येऊन उभं हाय तिकडं."

"तू दुसरा माणूस पाह्य, भूपेंद्र. माह्यानं नाई होत आता."

"काऊन?" भूपेंद्रने ट्रम्पेट उचललं, फुंकलं. त्याचीही हवा गेली नाही. हा तर चाळिशीचा, बैलासारख्या छातीचा. त्याने पिस्टन उपसले, उजेडात धरले. "अजी, एक नंबर तिनात हाय, तीन नंबर एकात. हवेनं जावं कुठून?"

दोघांनी वच्छलाबाईकडे पाहिलं.

"म्या बरोबरच ठेवले," ती म्हणाली. मग जरा थांबून, "माह्याकडून."

डोमाजीला दोन महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. बायको समोर बसते. तिची डावी ती याची उजवी. चाळीस वर्षं वाजवणाऱ्या मास्तराने बघूही नये?

भूपेंद्रने पिस्टन बदलले. डोमाजीने फुंकलं आणि सूर निघाला. असा स्वच्छ, की शेजारच्या म्हशीने रवंथ थांबवलं. गाण्याची एक ओळ झाली. दुसरी अर्ध्यावर आली आणि सूर खाली खाली जात विझला. डोमाजी बरगडीवर हात दाबून बसला.

या वेळी पिस्टन जागच्या जागी होते.

"झालं की. चाला," भूपेंद्र टबाकडे बघत म्हणाला. "नुसतं तोंडाले लावजा. मागचे दोघं वाजवतीन. कोणाले समजते?"

असे मुके प्रत्येक बँडमध्ये असतात. पाच कोट, तीन वाजवणारे. डोमाजीनेच कितीजणांना शिकवलं होतं, गाल फुगवा, बोटं हलवा, झालं.

"मुक्याइले म्या लय हसलो, बापा," तो म्हणाला. "जाय तू. उशीर होईन."

भूपेंद्र घुटमळला. मग वाकून पाया पडला आणि गेला. मोटरसायकलचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू आला.

वच्छलाबाईने पेटी उघडली. "ठेवू?"

"थांब. आत पाणी राह्यलं. ओलं ठेवलं तर सडते."

त्याने नळीखालची छोटी चावी दाबली आणि हलकेच फुंकलं. दोन थेंब मातीत पडले. त्याने पुन्हा फुंकलं. एक पडला.

तेवढ्याला दम पुरत होता. मग तो बराच वेळ, काही पडायचं थांबेपर्यंत, फुंकत राहिला.