तीन आठवड्यांची कावीळ

काळाचौकीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सीमाचा ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीवर देवापेक्षा जास्त विश्वास होता. नवऱ्याची बढती हुकली, तेही तिने सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. मग गेल्या ऑक्टोबरात मुलीला, आरोहीला, टीबी निघाला तेव्हा ती काय दवंडी पिटणार होती? मुलगी एकवीस वर्षांची, उद्या स्थळं बघायची. परळच्या हॉस्पिटलातून घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला आणि मुलीला समोर बसवून बजावलं, “कोणी विचारलं तर कावीळ म्हणायचं. संपला विषय.”

कसला संपतोय! चाळीत आजारपण म्हणजे सगळ्यांचंच काम. कोणी उसाचा रस आणला, कोणी कावीळ उतरवणारी माळ आणून गळ्यात घातली. शेजारच्या आनंदीकाकू रोज सकाळी दोन उकडलेली अंडी वाटीत घालून द्यायच्या. आरोही रस प्यायची, माळ घालायची, अंडी खायची आणि दार लोटून टीबीच्या गोळ्या घ्यायची. ही कावीळ सहा महिने चालली. एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरी झाली.

मुलगी बरी झाली, पण मार्क झोपले. पहिली दोन वर्षं ऐंशीच्या खाली न उतरलेली पोर शेवटच्या वर्षी सत्तेचाळीसवर आली. तिला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायची होती, आणि तीही एकाच संस्थेत. तिथली प्रयोगशाळा तिने एकदा कॉलेजच्या सहलीत पाहिली होती आणि तेव्हापासून दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. फॉर्ममध्ये एक रकाना होता: प्रकृतीमुळे अभ्यासावर परिणाम झाला असल्यास लिहा. आरोही खरं लिहायला बसली आणि सीमाने तिचा हात धरला.

“अगं, हे किती लोक वाचणार! कावीळ लिही. तीन आठवडे.”

“आई, तीन आठवड्यांच्या काविळीने दोन सेमिस्टर जातात का?”

“ते काय मोजत बसणारेत?”

त्यांनी मोजलं. जूनच्या शेवटी नकाराचं पत्र आलं. दिलेल्या कारणावरून वर्षभराच्या घसरणीचा उलगडा होत नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. आरोही रडली नाही, भांडलीही नाही. लॅपटॉप मिटून ती भेंडी चिरायला बसली. तिने आदळआपट केली असती तर सीमाला बरं वाटलं असतं. पोरीचं वर्ष आपण आपल्या हाताने बुडवलं, हे तिला त्या गप्प बसण्यातून कळलं.

पत्राच्या तळाशी अपिलाची सोय होती. मुदत दहा दिवस. हॉस्पिटलचे कागद जोडायचे, आणि शिवाय नात्यातल्या नसलेल्या, आजारपण जवळून पाहिलेल्या एका माणसाचं सहीचं निवेदन. कागद घरातच होते, साड्यांच्या खाली. माणूस कुठून आणायचा? ज्यांनी जवळून पाहिलं त्या सगळ्यांना हिने कावीळ सांगितलेली!

दोन दिवस सीमाने जेवणात मीठ दोनदा तरी घातलं. तिसऱ्या दिवशी ती आनंदीकाकूंच्या दारात जाऊन उभी राहिली. काकू मालवणकडच्या, पासष्टीच्या, तोंडाने फटकळ. सीमाने खाली बघत एका दमात सांगून टाकलं, “काकू, आरोहीला कावीळ नव्हती. टीबी होता. मी खोटं बोलले.”

काकूंनी निवडायची मेथी बाजूला ठेवली.

“माका ठाऊक आसा.”

“कधीपासून?”

“पयल्याच आठवड्यापासून. रातभर पोरीचो खोकलो आयकाक येय. अगो, मी सहा महिने रोज अंडी दिलंय आणि तू घेतलंस. कावीळ झाल्ल्या माणसाक कोण अंडी खावक घालता काय?”

काविळीला अंडं चालत नाही, हे सीमाला कळत नव्हतं असं नाही. पण लपवायच्या नादात एवढं साधं तिच्या लक्षात आलं नव्हतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

“मग बोलला का नाहीत?”

“तुका नको होता, मग मी कशाक बोलू?” काकू म्हणाल्या. “बोलाव चेडवाक. लिवून घेऊ दे.”

निवेदन काकूंनी सांगितलं आणि आरोहीने मालवणीचं साधं मराठी करत, पदरचं काही न घालता लिहून घेतलं. ही मुलगी दोन जिने चढताना तीनदा बसायची. पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपायची. परीक्षेला जाताना मी हिची बॅग नाक्यापर्यंत धरली आहे. खाली मोठ्या अक्षरांत सही.

सुनावणीला सीमा हट्टाने बरोबर गेली. समितीत तिघं होते. त्यांनी तिला मागे खुर्ची दिली. मधल्या मॅडमनी कागद वाचले, चष्मा काढला आणि आरोहीला विचारलं, “हे सगळं खरं असेल तर पहिल्यांदा कावीळ का लिहिलीत?”

आईचं नाव आरोही घेणार नव्हती.

सीमा उठून उभी राहिली. “मॅडम, ते मी लिहायला लावलं. ही खरं तेच लिहीत होती. लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली. चूक माझी आहे, शिक्षा हिला देऊ नका.”

आयुष्यात पहिल्यांदा तिने चारचौघांत मूठ उघडली होती. मॅडमनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

आठ दिवसांनी ईमेल आली. अपील मान्य. आरोही आईच्या गळ्यात पडली तेव्हा मात्र रडली, अगदी नाक लाल होईपर्यंत.

त्या संध्याकाळी सीमा पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारोदार फिरली. पहिला पेढा काकूंना. मग प्रत्येक दारात तेच वाक्य, आवाज न चोरता: “आरोहीला टीबी झाला होता. बरी झाली. एम.एस्सी.ला लागली.” कुणी अभिनंदन केलं, कुणी भुवया उंचावल्या. तिला त्या भुवयांचं काही वाटेना, याचं तिलाच नवल वाटलं.

घरी येऊन ती कुकर लावते तोच तिसऱ्या मजल्यावरची नलू आली. तिच्या मुलाला, वैभवला, गेला महिनाभर टायफॉइड आहे असं ती सगळ्यांना सांगायची. पेढा तिच्या हातात तसाच होता. तिने मागे वळून कॉमन गॅलरीत कोणी नाही ना ते पाहिलं.

“सीमा, एक विचारू? त्या गोळ्यांनी लघवी लाल होते का गं? तो फार घाबरलाय.”

“होते,” सीमा म्हणाली. “आमच्याकडेही व्हायची. ये, बस आत.”