सोमवारची गोळी

घरी कोणी आलं का मले पहिले हाच विचार येते, आता उठा लागन का? उठाचं म्हणजे वॉकर धरा, भिंत धरा, मंग मांडीत टाकलेल्या सळईले हात जोडा. म्हणून दारात डॉक्टरची गाडी थांबली तरी मी खाटेवरच बसून राह्यली. मुद्दामच म्हणा ना.

हा अंकुश डॉक्टर. मूल गावाले याचा दवाखाना. हाडं ठिसूळ झाली म्हणून यानंच मले हप्त्याची गोळी चालू केली. दर सोमवारी उपाशीपोटी घ्याची अन् अर्धा घंटा आडवं नाई व्हाचं. नऊ साल इमानदारीनं घेतली. शेवटी शेवटी मांडी ठणके, तं हा म्हणे, "वय झालं, बाई." अन् एक दिवस अंगणात उभ्या उभ्या हाड कटकन मोडलं. पडली म्हणून मोडलं नाई, मोडलं म्हणून पडली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, ही गोळी लय सालं चालली का एखाद्याचं हाड असं मोडते. मधात थांबून तपासाले पाह्यजे होतं.

माहा पोरगा निकेश चवताळला. वकील म्हणे, ग्राहक कोर्टात दोन सालाच्या आत केस टाका. टाकली. तवापासून नुसत्या तारखा. चंद्रपूरले जाचं, बाकड्यावर बसाचं, पुढची तारीख घेऊन वापस. कटाळली मी, बाप्पा.

अन् आज हा आला तो मायले पुढे करून. आपल्याकडे भांडण मिटवाचं असन तं असंच करतेत. म्हाताऱ्या माणसाले दारातून कोण वापस पाठवते?

"पदर पसरते व, कमळाबाई," त्याची माय गिरजाबाई म्हणाली. "केस मांगं घे. पोराचं नाव खराब होऊन राह्यलं. त्यानं मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम नाई केलं, म्हणून माही मांडी जुडली का?"

डॉक्टर मान खाली घालून उभा. गिरजाबाई खुर्चीवर टेकाले गेली अन् "आई गं" करून तिनं मांडी दाबली. माहा जिथं हात जाये, नेमकी तिथंच.

"काऊन व, दुखते?"

"दोन-तीन महिने झाले. वय झालं म्हणते हा."

"सोमवारची गोळी तूही घेते का?"

"घेते ना! तुह्या आधीपासून. पोरगा डॉक्टर, मंग मायले सोडन का?" तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं.

डॉक्टरचं तोंड पांढरं फटक पडलं. याच्या घरी असंच व्हावं म्हणून मी किती बोटं मोडली होती. आता समोर दिसलं तं जीवच बसला. केस लागली तरी गोळीनं हाड मोडते हे याले खरंच पटलं नव्हतं, नाई तं मायले कायले देल्ली असती. बदमाश असता तं बरं झालं असतं, शिव्या तरी पोटभर देता आल्या असत्या.

"गोळी आजच बंद कर," मी त्याले म्हटलं. "अन् दोन्ही मांड्यांचे एक्सरे काढ. मले कोणी सांगितलं नाई, मी तुले सांगून राह्यली."

गिरजाबाई उठाले लागली. मी ओरडली, "पाय नोको टेकू! नुसता पाहत काय राह्यला गा डॉक्टर, उचल तिले!"

त्यानं उचललं. दारातून ती त्याच्या खांद्यावरून पाहत म्हणाली, "अन् केस व, कमळाबाई?"

"केस चालन, गिरजाबाई," मी म्हटलं. "उद्या तुह्याही मांडीच्या कामी पडन."